तालीम बघायला आलेलं गाव

न्गूगी वा थियोंगो यांचं नाव आपल्याकडे घेतलं जातं ते कादंबरीकार म्हणून. इंग्रजी सोडून आपल्या गिकुयू भाषेत लिहू लागलेला केनियाचा लेखक, एवढी ओळख पुष्कळांना असते. मी शाळेत शिकवते आणि दरवर्षी गॅदरिंगला मुलांचं नाटक बसवते. मला ते जवळचे वाटतात ते कामिरीथूचे मास्तर म्हणून.

कामिरीथू हे नैरोबीपासून तीसेक किलोमीटरवर, लिमुरूजवळचं खेडं. चहाच्या मळ्यात आणि बुटांच्या कारखान्यात राबणाऱ्यांचं, बेकारांचं, जमीन गेलेल्यांचं. माऊ माऊ उठावाच्या काळात इंग्रज सरकारनं माणसांना घरांतून उठवून अशा वस्त्यांत आणून कोंडलं होतं. 1955 साली शाळेतून सुट्टीला आलेल्या न्गूगींना आपलं घर जागेवर सापडलंच नाही.

पुढे ते नैरोबी विद्यापीठात साहित्य शिकवू लागले. इंग्रजी विभाग बंद करा आणि आफ्रिकेचं साहित्य, त्यातलं मौखिक वाङ्मयसुद्धा, शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणा, असा प्रस्ताव त्यांनी 1968 मध्ये दोन सहकाऱ्यांबरोबर मांडला. नाटकंही लिहिली, पण इंग्रजीत. 1976 मध्ये कामिरीथूची एक बाई सकाळीच त्यांच्या घरी आली. तुम्ही एवढे शिकलात, पुस्तकं लिहिता, मग ते शिक्षण गावाला का देत नाही, असं तिनं विचारलं. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा आली, त्याच्या पुढच्याही. त्या बाईचं नाव इतिहासात असायला हवं होतं, असं मला फार वाटतं.

न्गूगी गेले. आधी प्रौढांचे साक्षरतेचे वर्ग चालले, मग नाटक आलं. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आपल्या जोतीरावांनी 1855 मध्ये लिहिलेल्या ‘तृतीय रत्न’मधलं गांजलेलं शेतकरी जोडपंही शेवटी शाळेची वाट धरतं. तेही एका शिक्षकाचंच नाटक.

न्गूगी वा मिरी या सहकाऱ्याबरोबर त्यांनी गिकुयूत ‘न्गाहिका न्देन्दा’ लिहिलं. अर्थ साधारण असा, की मला वाटेल तेव्हा लग्न करीन. दीड एकराचा मालक असलेला किगूंदा जमिनीचा कागद भिंतीवर टांगून ठेवतो. श्रीमंत मालक आपल्या मुलीला सून करून घेणार या आशेनं तो चर्चमधल्या लग्नाच्या खर्चासाठी कर्ज काढतो आणि जमीन गमावतो. गोष्ट साधी आहे. कामिरीथूतल्या बहुतेक घरांनी ती सोसलेली होती.

म्हणूनच संहिता गावापुढे वाचली गेली तेव्हा गाव गप्प बसलं नाही. म्हातारी माणसं असं बोलत नाहीत, त्यांच्या तोंडी म्हणी हव्यात, असं म्हाताऱ्यांनी सांगितलं. लग्नविधीच्या गाण्याचे शब्द एका निरक्षर बाईनं एकेक करून सांगितले आणि प्राध्यापकांनी ते उतरवून घेतले. महिन्याचा पगार वसूल होईल एवढा माल आपण किती वेळात काढतो, याचा हिशेब कामगारांनी मांडला. तालमी उघड्यावर होत. लोक बघत, अडवत, करून दाखवत. प्रयोगाआधीच काहींना अख्खं नाटक पाठ झालं होतं. रंगमंचाचा आराखडा लोकांनी आधी जमिनीवर काड्यापेटीच्या काड्या मांडून केला आणि मग दोन हजार माणसं बसतील एवढं खुलं नाट्यगृह स्वतःच्या हातांनी उभं केलं.

2 ऑक्टोबर 1977 ला, रविवारी, पहिला प्रयोग झाला. लांबून लोक बसगाड्या ठरवून येऊ लागले. 16 नोव्हेंबरला सरकारनं परवाना काढून घेतला आणि वर्ष संपता संपता न्गूगींना अटक झाली. खटला चाललाच नाही. कामिती तुरुंगात त्यांनी शौचालयाच्या कागदावर गिकुयूतली आपली पहिली कादंबरी लिहिली. सुटले 1978 च्या डिसेंबरात; विद्यापीठानं नोकरी परत दिली नाही.

याआधी त्यांनी सत्तेवर टीका केली नव्हती असं नाही. पण ती इंग्रजीत होती, वाचणारे मोजके होते. ज्याला कधी कोणी विचारलं नाही असा माणूस तालमीत उभा राहून ‘हे वाक्य चुकलं’ म्हणू लागला, आणि विद्वानानं ते वाक्य बदललं. सत्तेला भीती वाटली ती याची, असं माझं ठाम मत आहे. 1982 मध्ये कामिरीथूच्या मंडळींनी नवं नाटक बसवायला घेतलं. राजधानीतल्या राष्ट्रीय नाट्यगृहाची दारं त्यांना बंद झाली, तेव्हा विद्यापीठात तालमी झाल्या आणि त्या बघायला हजारोंनी लोक लोटले. मार्चमध्ये पोलिसांनी गावातलं ते खुलं नाट्यगृह जमीनदोस्त केलं. हे सरकार परकं नव्हतं, स्वतंत्र केनियाचं होतं.

न्गूगी देशाबाहेर राहिले, अमेरिकेतल्या विद्यापीठांत शिकवत राहिले आणि 28 मे 2025 रोजी तिथेच वारले.

गॅदरिंगची तयारी करणाऱ्या माझ्या शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. यंदा तालीम वर्गाचं दार लावून घेऊ नका. संध्याकाळी पटांगणात घ्या, आयाबायांना आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना बोलावून घ्या, आणि त्यांनी काढलेल्या चुका वहीत लिहून घ्या.