कांद्याची पात

कांदा आणि लसूण तुम्ही रोज पाहता. त्यांच्याच कुळात लीक नावाची एक भाजी आहे. उर्दूत तिला गंदना म्हणतात. अफगाणिस्तानात गंदना भरून 'बोलानी' नावाची रोटी करतात. आपल्याकडे तिची जवळची बहीण मिळते. ती म्हणजे कांद्याची पात. तुमच्या घरी तिला 'हरा प्याज' म्हणत असतील.

या साध्या भाजीने आमच्या घरातील एक मोठी अडचण दूर केली.

आमचे घर मिरजेत आहे. मटणाशिवाय जेवण म्हणजे अर्धे जेवण, असे अब्बा मानत. एकदा त्यांच्या छातीत दुखू लागले. डॉक्टरांनी औषधे दिली आणि बजावले, "मटण आणि तूप कमी करा. भाज्या आणि डाळी वाढवा." अब्बा चिडले. "मी काय बकरा आहे, घास खायला?" असे म्हणून ते ताटावरून उठू लागले. अम्मीला रात्री झोप येईना.

त्याच सुमारास लोणंदहून फुफी आल्या. सातारा जिल्ह्यातील लोणंद कांद्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. फुफींनी येताना पातीच्या चार जुड्या आणल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाईजान, आज माझ्या हातचे जेवा. आवडले नाही तर उद्या सांगा."

त्यांनी मूठभर हरभऱ्याची डाळ तासभर भिजत घातली. पात धुऊन बारीक चिरली; पांढरे कांदे वेगळे ठेवले. दोन चमचे तेलात मोहरी, जिरे आणि ठेचलेला लसूण टाकला. मग कांदे परतले, हळद आणि तिखट घातले. भिजलेली डाळ टाकून थोडे पाणी शिंपडले व झाकण ठेवले. डाळ शिजल्यावर हिरवी पात घातली आणि दोनच वाफा आणल्या. पात शिजल्यावर आक्रसते, म्हणून मीठ शेवटी आणि बेताने घातले. वर लिंबू पिळले.

गरम ज्वारीच्या भाकरीबरोबर अब्बांनी ती भाजी खाल्ली. काही बोलले नाहीत. पण दुसरी भाकरी मागितली. अम्मीच्या डोळ्यांत पाणी आले.

असे जेवण अर्धे नसते. 100 ग्रॅम कोरड्या हरभरा डाळीत सुमारे 20 ग्रॅम प्रथिने असतात. डाळीत जे कमी असते ते ज्वारी देते आणि ज्वारीत जे कमी असते ते डाळ देते. पातीतून क जीवनसत्त्व आणि चोथा मिळतो. लिंबामुळे अन्नातील लोह शरीराला अधिक मिळते. चिमूटभर हळदीने रंग येतो. सांगलीच्या हळदीला तर 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

भाजीने अब्बांचा आजार गेला नाही. औषधे चालूच राहिली. पण पथ्य म्हणजे शिक्षा, हा त्यांचा समज गेला. आता ईदला ते मटणाचे दोन तुकडे आनंदाने खातात आणि एरवी पात आणायला स्वतः बाजारात जातात.

तुमच्या घरीही कोणाला पथ्य असेल. त्यांच्यापुढे नुसता उपदेश वाढू नका. चवदार ताट वाढा आणि त्यांच्याबरोबर तुम्हीही तेच जेवा.