हरकती व सूचना

कोणत्याही नियमाचा मसुदा प्रसिद्ध झाला की त्याच्या अखेरीस ‘हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत’ असे एक वाक्य असते. लग्नपत्रिकेतील ‘हेच अगत्याचे आमंत्रण समजावे’ ही ओळ आपण ज्या नजरेने वाचतो, त्याच नजरेने आम्ही हे वाक्य आजवर वाचीत आलो. बोलावणे सर्वांना असते. येणारे ठरलेलेच असतात.

३० जुलै २०२४ रोजी भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळाने, म्हणजे सेबीने, निर्देशांकांच्या वायदेबाजारासंबंधी असाच एक मसुदा प्रसिद्ध केला व अभिप्रायांस २० ऑगस्टपर्यंत मुदत दिली. आम्ही शेअरबाजारापासून चार हात दूर राहणारे. बडोद्यात राहून हे साधणे तसे सोपे नव्हे. येथे चहाच्या टपरीवरही निर्देशांकाची विचारपूस घरच्या माणसासारखी होते. तरीही तो मसुदा आम्ही अथपासून इतिपर्यंत वाचला. त्यास कारण आमचा भाचा.

भाचा २७ वर्षांचा, मकरपुऱ्यातील एका कारखान्यात नोकरीस. शेअर घेऊन ठेवणे त्याला संथ वाटे. निर्देशांक चढेल की उतरेल याचा अंदाज बांधून ऑप्शन घ्यावयाचा आणि मुदत संपण्याच्या दिवशी काय तो निकाल लावावयाचा, हा त्याचा क्रम. हा दिवस पूर्वी महिन्यातून एकदा येत असे. २०२४ पर्यंत निरनिराळ्या निर्देशांकांच्या साप्ताहिक मुदती अशा वाटल्या गेल्या होत्या की सोमवार ते शुक्रवार रोज कोणती ना कोणती मुदत संपतच असे. एकादशीसुद्धा पंधरवड्यातून एकदाच येते!

मसुद्यात सात प्रस्ताव होते. त्यांतील दोन आम्हांस महत्त्वाचे वाटले : एका सौद्याचे किमान मूल्य ५ ते १० लाखांऐवजी आरंभी १५ ते २० लाख करावे, आणि प्रत्येक बाजाराने साप्ताहिक मुदत एकाच निर्देशांकापुरती ठेवावी. त्याच मसुद्यात असेही नमूद होते की २०२३-२४ या एका वर्षात ९२ लाखांहून अधिक व्यक्तींनी व एकमालकी पेढ्यांनी या व्यवहारांत मिळून ५१ हजार कोटी रुपयांहून अधिक रक्कम गमावली. ज्यांच्या रक्षणासाठी हा सारा खटाटोप, ती ही मंडळी.

“तू लिही,” आम्ही भाच्यास म्हणालो.

“नावानिशी, मामा?” त्याने विचारले, आणि थोड्या वेळाने, “बाबांना अजून सांगितलेलं नाही.”

सारी गोम येथेच आहे. दलालांच्या पेढ्यांपाशी आणि बाजारांपाशी मसुदे वाचण्यास पगारी माणसे असतात. नियमाने आपले काय घटेल हे ती पैपैचा हिशेब करून मांडू शकतात. त्यात गैर काही नाही. परंतु हरलेल्या माणसाची हरकत म्हणजे कबुलीजबाबच. तो त्याने इंग्रजीत, प्रस्तावाच्या क्रमांकासह, कारणमीमांसेसह आणि तीन आठवड्यांच्या आत द्यावयाचा!

अखेर पत्र आम्हीच लिहिले, भाच्याचे नाव न घालता. सौदा मोठा करण्यास आमचा पाठिंबा होता. भाच्याचा नव्हता. “लहान सौदा बंद केला तर ज्याला खेळायचंच आहे तो कर्ज काढील,” असे त्याचे म्हणणे. ते आम्हांस पटले नाही. तथापि त्या ९२ लाखांपैकी एकाचे ते मत होते, म्हणून आम्ही ते पत्रात जसेच्या तसे घातले. नुकसानीचा आकडा आम्ही साडेतीन लाख लिहिला होता. भाच्याने कच्चा खर्डा वाचला, पेन्सिल मागून घेतली आणि त्या जागी ‘४ लाख १० हजार’ असे लिहिले.

१ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकात किमान १५ लाखांचा सौदा आणि बाजारागणिक एकच साप्ताहिक निर्देशांक, हे दोन्ही आले. ऑप्शनांच्या स्ट्राइक किमतींची संख्या आवरण्याचा प्रस्ताव मात्र त्यात नव्हता. आमचे पत्र कोणत्या गठ्ठ्यात पडले याचा शोध आम्ही घेतला नाही. पुढे २०२५ मध्ये, विनियम करताना जनतेस अभिप्रायासाठी किमान २१ दिवस द्यावेत, असे बंधन सेबीने स्वतःवर घालून घेतले. पेढ्यांना २१ दिवस पुरतात. भाच्याने वडिलांना सांगितले ते त्या वर्षीची दिवाळी झाल्यावर. परिपत्रक निघून तोवर महिना उलटून गेला होता.