जुने कपाट, नवे तारे

"तुमच्याकडे रात्री कोण हो एवढे घोरते?" असे नव्या शेजाऱ्यांनी विचारले तेव्हा मी प्रथम दुखावलो. घरात पुरुषमाणूस मी एकटा, आणि मी घोरत नाही. (सौ.चे मत वेगळे आहे.) पण घोरत होता तो फ्रिज.

वडिलांनी तो १९९१ साली बोनसच्या पैशांतून घेतला. गिरगावच्या चाळीत तो हातगाडीवरून आला तेव्हा आईने त्याला हळदकुंकू वाहिले आणि मजल्यावरच्या साऱ्या पोरांना बर्फ घातलेले सरबत दिले. वडील त्याला 'कपाट' म्हणत. पुढे चाळ सुटली, वडीलही गेले. कपाट मात्र आमच्याबरोबर डोंबिवलीला आले.

ते बदलण्याची भाषा घरात कुणी करीत नसे. गेल्या मे महिन्यात आम्ही सगळी लग्नाला नाशिकला निघालो. फ्रिज तेवढा चालू, बाकी सारे बंद. सौ.ने निघताना मीटरचा आकडा कॅलेंडरवर टिपून ठेवला. दोन दिवसांनी येऊन पाहतो तो तीन युनिटे जळालेली! मग तिने दाराच्या फटीत दहाची नोट धरून दार लावले आणि नोट ओढली. ती अलगद बाहेर आली. दाराचे रबर सैल झाले की बाहेरची उष्णता आत शिरते आणि कॉम्प्रेसरला उसंत म्हणून मिळत नाही.

दुकानात विक्रेता तारे दाखवीत होता. सौ. वाकून ताऱ्यांखालचा आकडा वाचू लागली. वर्षाला किती युनिटे लागतील ते तिथे छापलेले असते. ही लेबले सरकारने २००६ साली सुरू केली. पण ताऱ्यांची कसोटी अधूनमधून कडक होते, म्हणून लेबल कोणत्या काळाचे आहे तेही पाहावे लागते. शिवाय मोठ्या फ्रिजचे पाच तारे लहान फ्रिजच्या तीन ताऱ्यांहून अधिक वीज खाऊ शकतात, हे मला त्या दिवशी कळले. आमच्या मापाच्या दोन फ्रिजांपैकी एकावर १८० युनिटे होती, दुसऱ्यावर १२०. दुसरा तीन हजारांनी महाग. युनिटला दहा रुपये धरले तर वर्षाला सहाशे वाचणार, म्हणजे जादा पैसे पाच वर्षांत फिटणार. आमच्याकडे फ्रिज किती वर्षे टिकतो ते ठाऊकच होते. दुसरा घेतला.

खरी अडचण घरी आल्यावर. आई म्हणाली, "जुना गॅलरीत राहू दे. पाण्याच्या बाटल्या ठेवीन, दिवाळीचं सामान ठेवीन."

"राहू दे," मी लगेच म्हटले. वडिलांची गोष्ट निघाली की माझे गणित कच्चे होते.

सौ. हळूच म्हणाली, "आई, जुना वर्षाला साडेपाचशे युनिटं घेतो. दोन्ही चालले तर बिल वाढेल हो. मग नवा आणून काय मिळवलं?"

आई काही बोलली नाही. दोन दिवस ती आमच्याशी कामापुरतेच बोलली. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर फ्रिज रिकामा, सोड्याने आतून लख्ख पुसलेला, दार उघडे. बर्फाचा अॅल्युमिनियमचा ट्रे तेवढा तिने काढून घेतला होता.

"आता बोलाव त्या माणसाला," ती म्हणाली. "आणि जिन्यावरून नीट उतरवा म्हणावं."

यंदाच्या नारळाच्या वड्या तिने त्याच ट्रेमध्ये थापल्या आहेत.