टोकियो स्वच्छ झालं ते भांडणातून

जपानहून परत आलेला माणूस दोन गोष्टी हमखास घेऊन येतो. एक, हिरव्या चहाची चॉकलेटं. दुसरी, एक वाक्य: "आपल्या लोकांना शिस्तच नाही हो!"

चॉकलेटं मीही आणली. वाक्य मात्र तिथंच ठेवून आलो. का, ते सांगायला ही पोस्ट. जरा मोठी आहे, सवडीनं वाचा.

गेल्या ऑक्टोबरात मी आणि माझा एक जुना मित्र आठ दिवस टोकियोला होतो. दोघांचीही पहिलीच वेळ. मित्र नगरपरिषदेत स्वच्छता निरीक्षक, नोकरीला वीस वर्षं झाली. त्याची पुतणी तिथं आयटीत आहे, एडोगावा वॉर्डात निशी-कासाईला राहते. भारतीयांची मोठी वस्ती असलेला भाग. राहायची सोय झाली म्हणून तर आमच्या खिशाला हे जमलं.

लोक टोकियोत टॉवर बघतात. आमचा निरीक्षक कचरा शोधत होता. पहिल्याच दिवशी शिंजुकूला तासभर चालल्यावर म्हणाला, "अरे, कचरा नाही ते समजलं. पण कचऱ्याचा डबा पण नाही लेका!" खरंच दिसत नाही. १९९५ मध्ये तिथल्या भुयारी रेल्वेत सरिन वायूचा हल्ला झाला. त्यानंतर स्टेशनांवरचे आणि सार्वजनिक जागांवरचे डबे मोठ्या प्रमाणात काढून टाकले गेले. लोक आपला कचरा पिशवीत घालून घरी नेतात. आम्हीही बिस्किटाचे पुडे खिशात घेऊन फिरलो.

घरी तर वेळापत्रकच. जळणारा कचरा अमुक वारी, बाटल्या-डबे तमुक वारी. सकाळी आठच्या आत पिशवी ठरलेल्या जागी ठेवायची, वर कावळ्यांसाठी जाळी टाकायची. "काका, ती पिशवी आज नाही," पुतणीनं दोनदा अडवलं. चुकीची पिशवी ठेवली तर गाडीवाले त्यावर स्टिकर चिकटवतात आणि तिथंच सोडून जातात.

इथपर्यंत सगळं त्या शिस्तीच्या वाक्याला धरूनच होतं. पण मित्रानं वेगळाच प्रश्न काढला. "हे सगळं जातं कुठं?" याच एका प्रश्नापायी वीस वर्षं शिव्या खाल्लेला माणूस तो.

उत्तरासाठी आम्ही युमेनोशिमाला गेलो. शिनकिबा स्टेशनवरून चालत जाता येतं. नावाचा अर्थ 'स्वप्नांचं बेट'. आज तिथं झाडी, मैदानं, मोठं उद्यान आहे. पण १९५७ पासून दहा वर्षं हा टोकियोचा उकिरडा होता. समुद्रात भर घालायची म्हणून शहराचा कचरा इथं आणून ओतत. १९६५ च्या उन्हाळ्यात इथून उठलेल्या माश्यांनी शेजारच्या कोतो वॉर्डातली घरं आणि शाळा भरून गेल्या. शेवटी तेल ओतून कचऱ्याचा डोंगर पेटवावा लागला.

कोतोचे लोक तरी किती सोसणार? शहराचा बहुतेक कचरा त्यांच्याच दारात. रोज सुमारे पाच हजार गाड्या त्यांच्या रस्त्यांवरून जायच्या. वास, सांडलेलं घाण पाणी, वाहतुकीचा खोळंबा. आणि पश्चिमेकडच्या सुखवस्तू सुगिनामी वॉर्डात कचरा जाळण्याचा कारखाना काढायचा म्हटलं की तिथले रहिवासी म्हणायचे, आमच्याकडे नको.

१९७१ मध्ये गव्हर्नर रिओकिची मिनोबे यांनी विधिमंडळात शब्दच वापरला, 'कचरा युद्ध'. पण घोषणेनं काही हललं नाही. १९७३ मध्ये कोतोचे वॉर्डप्रमुख आणि लोकप्रतिनिधी स्वतः रस्त्यावर उतरले. त्यांनी फक्त सुगिनामीहून आलेल्या गाड्या अडवल्या. म्हणणं साधं होतं: ज्याचा कचरा, त्याची जबाबदारी. १९७४ मध्ये तडजोड झाली आणि १९८२ मध्ये सुगिनामीतला कारखाना उभा राहिला.

आता गंमत बघा. याच युमेनोशिमाच्या उद्यानात एक लाकडी मासेमारी बोट जपून ठेवली आहे, दाइगो फुकुर्यू मारू. १ मार्च १९५४ ला बिकिनी बेटावर अमेरिकेनं हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली, तेव्हा तिची राख या बोटीवरच्या २३ जणांवर पडली. जगाला हे कळलं योमिउरी या दैनिकातून, आणि बातमीचं मूळ होतं याइझु या बंदराच्या गावातला वार्ताहर. आमच्यासारखाच, गावपातळीवरचा. पुढं ही बोट भंगार होऊन याच कचऱ्यात पडली होती. १९६८ मध्ये आसाही दैनिकात एका तरुण वाचकाचं पत्र छापून आलं, त्यातून चळवळ उभी राहिली आणि बोट वाचली.

आणि अणुबॉम्बविरोधी सह्यांची जी मोहीम १९५४ मध्ये देशभर पसरली, तीन कोटींहून जास्त सह्यांपर्यंत गेली, ती जोर धरून सुरू झाली कुठं? याच सुगिनामीत! तिथल्या गृहिणी दारोदार फिरल्या होत्या. म्हणजे जगाच्या शांततेसाठी उभा राहिलेला सुशिक्षित, सज्जन वॉर्डही कचऱ्याच्या कारखान्याला "आमच्या दारात नको" म्हणाला. तेव्हा प्रश्न शिस्तीचा नव्हताच. आपल्या घाणीचा भार कुणी वाहायचा, हा प्रश्न होता.

आज टोकियोच्या २३ वॉर्डांत असे साधारण वीस कारखाने आहेत. काही तर भर वस्तीत. इकेबुकुरोसारख्या गजबजलेल्या भागात २१० मीटरची चिमणी उभी आहे. युमेनोशिमाजवळच्या कारखान्याच्या उष्णतेवर उद्यानातलं काचघर उबदार राहतं. म्हणजे जिथं त्रास, तिथं थोडा फायदाही. सगळं आलबेल आहे असं नाही. एकेक बिस्किट वेगळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळणारा हा देश आहे. पण भार वाटून घेतला, हे खरं.

काचघराबाहेर बाकावर बसून मित्र म्हणाला, "आपल्याकडं गाडी अडवली की गुन्हा दाखल होतो."

खोटं नाही. पुण्याचा कचरा उरुळी देवाची-फुरसुंगीच्या दारात, मुंबईचा देवनारला. प्रत्येक छोट्या शहराचं असं एक देवनार असतं; गावकुसाबाहेर, गरिबांच्या वस्तीला लागून. तिथल्या लोकांनी गाड्या अडवल्या की पेपरात मथळा येतो: 'शहरात कचऱ्याचे ढीग, नागरिक हैराण'. वस्तीतले लोक जणू नागरिकच नाहीत.

म्हणून मला ते शिस्तीचं वाक्य पटत नाही. ते म्हटलं की दोष सगळ्या जनतेवर जातो, म्हणजे कुणावरच जात नाही. टोकियोत शिस्त आहेच. पण आपला कचरा आपल्याच वॉर्डात जळणार हे कळल्यावर माणूस पिशवी नीट बांधतो, असं मला वाटतं. दुसऱ्याच्या दारात जाणार असेल तर कशाला बांधेल?

तुमच्या घरून सकाळी गेलेली घंटागाडी शेवटी कुठं रिकामी होते, माहीत आहे? एकदा तिच्या मागे जाऊन बघा. आणि तिथं कोण राहतं, ते खाली कमेंटमध्ये लिहा.