मोठं कोण?

तर झालं असं. मागच्या महिन्यात रिलीजच्या दोन दिवस आधी आमच्या टेस्टरने अकाउंट्सच्या लॉगिनमधून एचआरची पगारवाढीची फाईल उघडली. उघडायला नको होती. कोड माझा होता.

प्रत्येक फाईलला आणि प्रत्येक युजरला एक लेबल, आणि दोन लेबलांची तुलना करून उत्तर देणारं छोटंसं फंक्शन, एवढंच काम. मी आधी पातळी बघितली: दोन्हीकडे सिक्रेट. मग कप्पे मोजले: दोन्हीकडे एकेक. म्हणजे सारखे! उघड दार. कप्पा अकाउंट्सचा की एचआरचा, हे बघायचं सुचलंच नाही. इंजिनिअरिंगला चार वर्षं सॉर्टिंग करून डोक्यात एवढंच बसलेलं की दोन गोष्टींत एक मोठी, नाहीतर दोन्ही सारख्या.

१९७३ साली बेल आणि लापादुला या दोघांनी अमेरिकन हवाई दलासाठी हे गणित मांडलं तेव्हाच ते स्पष्ट होतं. तुमचं लेबल माझ्यावर भारी कधी? तुमची पातळी माझ्याइतकी किंवा वर असेल आणि माझे सगळे कप्पे तुमच्याकडे असतील तेव्हा. दोन्ही अटी हव्यात. एसई-लिनक्समध्ये पातळ्या साधारण एस० ते एस१५ आणि कप्पे सी० ते सी१०२३ असतात, आणि तुलनेची उत्तरं चार: भारी, हलका, सारखा आणि चौथं 'इनकॉम्प', म्हणजे तुलनाच होत नाही. हे चौथं मी वाचलं होतं. कळलं मात्र नव्हतं.

कळलं ते घरी, चंद्रपूरला. शनिवारी पुण्याचे मित्र ताडोब्याला यायचे होते. मी पहाटे मोहर्ली गेटवर उभा, आणि त्यांचा फोन कोळाऱ्याहून! नागपूरहून निघालेल्या ड्रायव्हरने त्याला जवळ पडणारं गेट गाठलेलं. तिकीट मोहर्लीचं.

"कोअरचंच आहे ना, गेट तर गेट," मित्राचा युक्तिवाद.

"इथलं नाई जी हे. मोहर्लीले जा लागते," फोनवरून मला गार्डचा आवाज ऐकू येत होता.

"बरं, मग बफरमध्ये तरी सोडा. कोअरचं तिकीट मोठं असतं!"

तिथेही नाही. मी फोन कानाला लावून हसत सुटलो (मित्राने अजून माफ केलेलं नाही). कोअर ही बफरच्या वरची पातळी, मान्य. पण मोहर्ली हा कप्पा आहे. मोहर्ली-कोअर आणि कोळारा-बफर, यांत मोठं कोण? कुणीच नाही. आणि सारखेही नाहीत. गार्डला हे लॅटिस-बिटिस न शिकता पाठ होतं.

संध्याकाळी बाबांना सांगायला बसलो. यात 'मॅन्डेटरी' काय ते विचारत होते. म्हटलं, नेहमीच्या सिस्टीममध्ये फाईल माझी असली की ती कुणाला द्यायची ते मी ठरवतो. इथे फाईल माझी असूनही मला ते ठरवता येत नाही, सिस्टीमचा नियम ठरवतो.

"म्हणजे मेंढ्याचा बांबू," बाबा म्हणाले.

गडचिरोलीतलं, धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा). 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणारं. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. बांबू आता गावाचा. पण तो गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना लागे, आणि त्याचं पुस्तक वनखात्याकडे. १९२७ च्या वन कायद्याच्या लेबलात बांबू 'झाड' होता, २००६ च्या वनहक्क कायद्याच्या लेबलात 'गौण वनउपज'. एकाच बांबूवर दोन लेबलं, आणि गाडी थांबवणारा कुठलं वाचणार? एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांनी मेंढ्यात येऊन परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. म्हणजे परवाना गेला नाही, तपासणीही गेली नाही. लिहिणारा हात बदलला. आमच्याकडे रूट पासवर्डवरून भांडणं होतात, पण कडक मॅन्डेटरी सिस्टीममध्ये रूटलाही ते लेबल ओलांडता येत नाही. खरी सत्ता पॉलिसीची फाईल लिहिणाऱ्याकडे. गावाने नेमकं तेच मागितलं होतं, आणि त्यासाठी दोन वर्षं वाट पाहिली.

असो. सोमवारी फंक्शन नव्याने लिहिलं. मोजणी काढून टाकली, एकाचे कप्पे दुसऱ्यात पूर्ण बसतात का एवढंच तपासलं, उत्तरं चार केली. चौथं आलं की दार बंद. टेस्ट केसचं नाव ठेवलं 'मोहर्ली-कोळारा'. रिव्ह्यू करणाऱ्याने विचारलं, हे कुठलं क्लायंट लोकेशन?