डोळ्याला दिसणारं पाणी

इटियाडोहाचा सांडवा वाहू लागला की बातमी अर्जुनी-मोरगावपासून वडशापर्यंत पोचायला वेळ लागत नाही. ‘ओव्हरफ्लो झाला’ एवढं म्हटलं की पुरे. हौशी मंडळींच्या गाड्या गोठणगावच्या वाटेला लागतात आणि नहराखालचा शेतकरी मनातल्या मनात उन्हाळी धानाचा हिशेब मांडू लागतो. गाढवी नदीवरचं हे मातीचं धरण 1970 साली पूर्ण झालं. गोंदिया, भंडारा आणि गडचिरोली अशा तीन जिल्ह्यांतल्या धानाला त्याचं पाणी मिळतं.

आकड्यांची चित्रं काढणं हा माझा व्यवसाय आहे. पाऊस, जलसाठा, पेरा, रोवणी यांच्या नोंदी घ्यायच्या आणि बघणाऱ्याला त्यांतून निर्णय घेता येईल अशा आकृतीत त्या मांडायच्या. या कामात सगळ्यांत जास्त मला शिकवलं ते नहराच्या टोकाकडच्या गावांतल्या एका प्रश्नानं. हिवाळा सरताना तो हमखास कानावर येतो: “धरणात पाणी त दिसून राह्यलं जी, मंग देत काहून नाही?”

या प्रश्नात तक्रार आहे, पण तिच्या पोटात भूमितीही आहे. धरणावर उभा राहिलेला माणूस पाण्याची उंची बघतो. पाणी सोडणारा अधिकारी दलघमी बघतो, म्हणजे दशलक्ष घनमीटर. या दोन मोजमापांचं नातं सरळ नसतं. जलाशय पळसाच्या पानाच्या द्रोणासारखा असतो, तळाशी निमुळता आणि वर पसरट. समजुतीसाठी त्याला उलटा शंकू मानू. काठोकाठ भरलेल्या शंकूतलं पाणी उंचीच्या पाचव्या हिश्शानं उतरलं की आत 51 टक्के उरतं. डोळ्याला वाटतं थोडंसंच खाली गेलंय, आणि तेवढ्यात जवळजवळ निम्मा साठा संपलेला असतो. पातळी अर्ध्यावर आली की उरतो फक्त आठवा हिस्सा. खरा जलाशय असा गुळगुळीत नसतो. त्यात ओहोळ, टेकड्या, बुडालेले बांध असतात. म्हणून प्रत्येक धरणाचा पातळी आणि साठ्याचा स्वतंत्र तक्ता असतो. पण कल तोच. वरच्या मीटरभरात जेवढं पाणी मावतं, त्याचा लहानसा अंशच तळच्या मीटरभरात मावतो. त्यात अगदी खालचा मृतसाठा नहरात येतच नाही.

म्हणजे शेतकरी खोटं बोलत नाही आणि अधिकारीही नाही. एक उंची वाचतोय, दुसरा घनफळ, आणि दोघांच्या मधे उभं करायला कोणी चित्र काढलेलं नाही. वर्तमानपत्रांत धरणांचे साठे छापतात तेव्हा बहुधा पिंप किंवा थेंब काढून तो अर्धामुर्धा रंगवतात. ती आकृती मला मनापासून खटकते. पिंप तळापासून वरपर्यंत सारखंच रुंद असतं, त्यामुळे वाचकाच्या मनातला चुकीचा समज ते आणखी पक्का करतं.

डोळ्याच्या या मर्यादा आमच्या शास्त्रात मोजल्या गेल्या आहेत. 1984 साली विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅकगिल या दोन अमेरिकी संख्याशास्त्रज्ञांनी मांडलं की एकाच पट्टीवरची स्थाने आणि लांबी माणूस बरीच अचूक ताडतो, क्षेत्रफळात चुकतो आणि घनफळात त्याहूनही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या 1858 च्या प्रसिद्ध आकृतीलाही ही अडचण होतीच. क्रिमियन युद्धातले किती सैनिक जखमांनी मेले आणि किती टाळता येण्याजोग्या रोगांनी, हे त्यांनी वर्तुळाच्या पाकळ्यांच्या क्षेत्रफळातून दाखवलं. तरी ती आकृती परिणामकारक ठरली, कारण रोगांच्या पाकळ्या इतक्या अवाढव्य होत्या की डोळा थोडा चुकला तरी अर्थ चुकत नव्हता. याच बाईंनी पुढे हिंदुस्थानातल्या दुष्काळांबद्दल आणि पाटबंधाऱ्यांबद्दल तळमळीनं लिहिलं. 1874 मधलं त्यांचं एक लेखन तर सिंचन म्हणजे जगणं की मरण, याच प्रश्नाला भिडणारं आहे. आकडेवारी मांडणाऱ्या व्यक्तीची नजर इस्पितळाकडून नहराकडे वळली, याचं मला कायम अप्रूप वाटत आलंय.

इटियाडोहासाठी मला हवी असलेली आकृती साधी आहे. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एक उभी पट्टी रंगवायची. तिची उंची म्हणजे जलाशयातली पातळी, पण खुणा मीटरच्या घालायच्या नाहीत, उरलेल्या पाण्याच्या घालायच्या. मग खुणांमधलं अंतर सारखं राहत नाही. शंकूचंच गणित धरलं तर 100 आणि 90 टक्क्यांच्या खुणा अगदी एकमेकींना चिकटतात, 50 टक्क्यांची खूण पट्टीच्या जवळपास 79 टक्के उंचीवर येते आणि 10 टक्क्यांची खाली 46 वर. वर गर्दी, खाली मोकळं रान. पट्टी बघणाऱ्याला कोणी समजावून सांगावं लागत नाही; पाणी दोन बोटं उतरलं म्हणजे काय उतरलं, ते त्याला खुणांवरूनच कळतं.

शेजारी दुसरी आकृती: वर्षभराच्या साठ्याची रेघ. पाऊसकाळात ती चढते, भरल्यावर आडवी होते, आणि नहर सुटला की प्रत्येक पाळीला पायरीसारखी उतरते. मागच्या काही वर्षांच्या रेघा फिक्या रंगात मागे ठेवायच्या. आपल्याकडे रब्बी-उन्हाळी पाण्याचं नियोजन 15 ऑक्टोबरच्या साठ्यावर होतं, म्हणून त्या तारखेवर ठळक उभी रेघ. यंदाचा ठिपका जुन्या रेघांच्या गर्दीत कुठे पडतो ते दिसलं की उन्हाळी धानाचे पऱ्हे टाकायचे की हरभरा-लाखोळीवर भागवायचं, याची चर्चा पुराव्यानिशी होते. नुसत्या ‘62 टक्के’ या आकड्यावर ती होत नाही. आकड्याच्या मागेपुढे काळ उभा केला तरच त्याला अर्थ येतो.

आता उपग्रहांची मदत आहे. सेंटिनेल-1 चं रडार ढगांतूनही बघतं. चिखलणी करून पाणी साचवलेली बांधी त्याच्या प्रतिमेत काळी दिसते आणि धान वाढेल तशी उजळत जाते. तारखांनुसार अशा प्रतिमा लावल्या की रोवणी नहराच्या मुखाकडून टोकाकडे कशी सरकते ते रंगांत उमटतं. टोकाकडच्या गावानं वर्षानुवर्षं तोंडी सांगितलेली गोष्ट तिथे नकाशा होऊन समोर येते, आणि नकाशाला उत्तर द्यावं लागतं.

पण याच नकाशांतून काही गोष्टी गळतात. हा मुलूख मामा तलावांचा, म्हणजे माजी मालगुजारी तलावांचा. कोहळी समाजानं बांधलेल्या तलावांची ही परंपरा धरणाच्या कितीतरी आधीची. नवेगावबांधचा असाच तलाव इथून जवळच आहे. 1951 मध्ये मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. पुढे 100 हेक्टरपर्यंत सिंचन करणारे लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे, अशी वाटणी झाली. दोन दप्तरं झाली की सहसा दोन नकाशे होतात. शिवाय सेंटिनेल-2 च्या प्रतिमेतला एक ठिपका 10 मीटर लांब आणि तेवढाच रुंद. तीस मीटरची बोडी (शेतातलं लहान तळं) म्हणजे जेमतेम नऊ ठिपके. काठावर झाडी किंवा पाण्यावर बेशरमाची झुडपं माजली असतील तर तेवढेही हाती लागत नाहीत. मोठं धरण ठसठशीत निळं दिसतं आणि शंभर बोड्या नकाशावर कोरडी जमीन ठरतात. अशा वेळी मी गावकऱ्यांकडून बोड्यांची यादी घेते आणि त्या हातानं नकाशावर टाकते. संगणकाला हे काम संथ वाटेल, पण त्याशिवाय नकाशा खरा होत नाही.

भिंतीवरची पट्टीही एकदा रंगवून भागणार नाही. जलाशयात गाळ साचतो, द्रोणाचा तळ भरतो आणि पातळी-साठ्याचा जुना तक्ता हळूहळू चुकीचा ठरतो. वेगवेगळ्या पातळ्यांना पाण्याचा पसारा किती आहे हे उपग्रहावरून मोजून तो सुधारता येतो; नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे मेरी, राज्यातल्या जलाशयांसाठी असं काम करते. नवा तक्ता आला की तो कचेरीच्या कपाटात न ठेवता गावोगावच्या खुणाही पुसून नव्यानं काढाव्यात. रंगाचा एक डबा आणि दुपारभराचं काम, आणि ते 15 ऑक्टोबरच्या आत, नहराच्या टोकाच्या गावापासून सुरू व्हावं.