झाडाला ‘पुरे’ म्हणता येत नाही

झाडाला पाणी घालणे ही काही शिकायची गोष्ट आहे, असे मला परवापरवापर्यंत वाटत नव्हते. बादली भरावी, तांब्या बुडवावा आणि ओतावे, झाले! त्यातून मी सोलापूरचा. आम्हा सोलापूरकरांना पाणी घालायचे कसे हा प्रश्न कधी पडतच नाही. पाणी मिळवायचे कसे, हा पडतो. आमच्या गल्लीत नळाला चार-चार दिवसांनी पाणी यायचे. त्यामुळे न्हाणीघराशेजारी दोनशे लिटरचे एक निळे पिंप कायम भरलेले असे. त्या पिंपातला तांब्या कोणी उगाच सांडला, तर आज्जीची नजर पुरेशी होती. बोलावे लागत नसे.

आमची आज्जी अक्कलकोटकडची. मराठी तिला चांगले येते. पण राग, माया आणि जेवताना ‘पुरे’ म्हणणे, या तीन गोष्टी ती अजून कानडीतच करते. ताटावर आडवा हात धरून ती म्हणते, “साकु, साकु!” आमच्या महाविद्यालयातल्या कानडी मित्रांना या शब्दाचा अर्थ सांगायला नकोच.

वडिलांना सिल्वासाला सूत कारखान्यात नोकरी लागली आणि आईवडील तिकडे गेले. मी शिक्षणासाठी इथेच राहिलो. आजोबा वारल्यावर, 2023 च्या उन्हाळ्यात, गल्लीतले भाड्याचे घर सोडून आज्जीलाही तिकडे न्यायचे ठरले. सामान बांधताना तिने दोनच गोष्टींचा हट्ट धरला. एक ते निळे पिंप आणि दुसरे अंगणातल्या कढीपत्त्याच्या बुंध्याशी फुटलेले वीतभर रोप. आम्ही वापीला उतरलो, तेव्हा पिंप माझ्या डोक्यावर होते आणि रोप आज्जीच्या मांडीवरच्या डब्यात.

सिल्वासा म्हणजे दादरा-नगर हवेली. 2 ऑगस्ट 1954 ला पोर्तुगीजांच्या हातून हा भाग मुक्त झाला. त्या लढ्यात सुधीर फडके यांनीही भाग घेतला होता. हे ऐकल्यावर आज्जीला गाव जरा ओळखीचे वाटू लागले, कारण बाबूजींचा आवाज तिच्या रेडिओतला. बाकी ओळखीचे काही नव्हते. शेजारी गुजराती आणि हिंदी, बाजारात वारली आणि कोकणा बायका. आणि पाऊस! सोलापूरला वर्षभरात पाच-सहाशे मिलिमीटर पडला, तर आम्ही बरे वर्ष म्हणतो. सिल्वासाला दोन हजारांच्या वर पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. दमणगंगा तर गावालगतच वाहते. नळाला पाणी रोज. तेव्हा आज्जीच्या पिंपाला कामच उरले नाही. वडिलांनी ते मधोमध कापले, खालच्या अर्ध्या भागाला बाजूने, तळापासून चार बोटे वर, दोन भोके पाडली (तळाला पाडली तर फरशी खराब होईल म्हणून), तळाशी खडी पसरली, वर माती भरली आणि बंद गॅलरीत काचेशेजारी ते ठेवून त्यात रोप लावले. वीतभर रोप आणि शंभर लिटरचे घर! आम्हाला वाटले, त्याची चैन झाली.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला, गॅलरीच्या काचा बंद झाल्या आणि रोपाने मान टाकली. पाने पिवळी पडली, हात लावताच गळू लागली. मातीचा वरचा थर पाहावा तर पांढुरका, कोरडा. म्हणजे तहानच लागली असणार! आई सकाळी देवपूजेनंतर एक तांब्या घाली. मी दुपारी एक घाली. वडील पाळीवरून आले की, ‘घरात कुणाचे लक्ष नाही’ असे पुटपुटत एक तांब्या तेही घालीत. तिघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. पत्ता होता तो एकट्या आज्जीला. ती तिथेच खुर्चीवर बसून तिन्ही तांबे पाहात होती आणि एक शब्द बोलत नव्हती.

एका दुपारी मी चौथा तांब्या घेऊन गेलो, तेव्हा मात्र तिला राहवले नाही. “रोज रोज कशाला पाणी घालालास रे? आत हात घालून बघ की!”

मी बोटे खुपसली. दोन पेरांपर्यंत कोरडे, त्याखाली गार, आणि वीतभर खाली नुसता चिखल. हात बाहेर काढला, तर त्याला आंबूस, कुजका वास येत होता.

“तुला माहीत होतं? मग बोलली का नाहीस?”

“घर तुझ्या आईचं,” आज्जी म्हणाली. “आल्या आल्या मी तोंड उघडलं, तर बरं दिसेल का?”

चिखलापेक्षा हे उत्तर मला अधिक गार लागले. सोलापुरात जिच्या नजरेनेसुद्धा पाणी सांडायचे थांबत असे, ती बाई इथे आपले रोप बुडताना गप्प पाहात होती.

संध्याकाळी आम्ही सगळ्यांनी मिळून ते उपटले. मुळे ओंजळभर, त्यातली निम्मी काळी आणि मऊ. सड कापून, भुसभुशीत मातीत, मातीच्याच लहान कुंडीत आज्जीने ते लावले. पिंपाच्या थेट तळाला आठ-दहा भोके पाडून ते विटांवर चढवले. मग सुरू झाली आमची शिकवणी.

आज्जीचे शास्त्र असे. मातीची कुंडी असेल तर बोटाने वाजवावी. कोरडी ठणठणते, ओली बद्द वाजते. पिंप वाजत नाही आणि उचलवतही नाही. तेव्हा काठाला धरून जरासे कलवावे. हलके लागले तर तहान आहे. किंवा खराट्याची काडी खोल खुपसून थोडा वेळ ठेवावी. काढल्यावर माती चिकटून आली, तर पाणी घालू नये. भर दुपारी पाने मलूल दिसली म्हणून धावू नये, संध्याकाळी पुन्हा पाहावे. आपोआप ताठ झाली असतील, तर तो नुसता उन्हाचा शीण. पाणी घालायचे त्या दिवशी मात्र तळातून वाहीपर्यंत घालावे, आणि मग माती पुन्हा मागेपर्यंत विसरून जावे. रोज तांब्याभर पाजणे ही माया नव्हे.

सुटी संपल्यावर मी हे सारे आमच्या वनस्पतिशास्त्राच्या सरांना सांगितले. ते म्हणाले, तुझ्या आज्जीचे बरोबर आहे. मुळांनाही हवा लागते. मातीच्या कणांमधल्या फटी पाण्याने भरल्या की मुळे गुदमरतात, कुजतात, आणि कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही. म्हणून पाण्यात उभे असलेले झाड तहानलेल्यासारखेच दिसते, आणि आपण त्याला आणखी पाणी पाजतो. खडीचाही उपयोग नसतो. वरची माती भिजून चिंब झाल्याशिवाय पाणी खडीत उतरतच नाही. मोठ्या भांड्यात लहान रोप असले, तर जिथवर मुळे पोचत नाहीत तिथले पाणी पिणार कोण? त्यात पावसाळ्यातली दमट हवा आणि बंद काचा. पानांतून वाफच कमी जाते, मग झाड पिईल कशाला?

दिवाळीच्या सुटीत मी गेलो, तेव्हा रोपाची जुनी काडी वाळून गेली होती. पण बुंध्याशी, मातीतून, एक नवा कोंब वर आला होता. सात पाने! आई रोज मोजत असे. पाणी घालायचा अधिकार मात्र घरात आता एकट्या आज्जीचा होता. वडीलसुद्धा विचारून घालीत.

माझ्या मनात एक गोष्ट अजून राहिली आहे. त्या जूनमध्ये आम्ही आज्जीचीही अशीच काळजी घेत होतो. आई चहा विचारी, मी विचारी, वडील विचारीत, आणि ती तिघांचाही चहा मुकाट्याने पिई. ती सुकत का चालली, म्हणून आम्ही आणखी विचारीत होतो. खोल हात घालून पाहायचे आमच्यापैकी कोणालाही सुचले नाही.

झाडाला ‘पुरे’ म्हणता येत नाही. परक्या वाटणाऱ्या घरातल्या माणसालाही ते पटकन म्हणता येत नाही. पाडव्याच्या सकाळी आई आज्जीला दुसऱ्यांदा चहा ओतू लागली, तेव्हा आज्जीने कपावर आडवा हात धरला आणि म्हणाली, “साकु!”

आईला कानडी येत नाही. पण तिने किटली लगेच खाली ठेवली आणि दोघीही हसल्या.